नोंद नसलेला स्वेटर

लाँड्रीत शिरलं की उजव्या हाताला, खिडकीला चिकटून एक बुटकं टेबल आहे. त्यावर काचेची बरणी, बरणीत जाडीप्रमाणे लावलेल्या सुया, मोज्याच्या टाचेत घालायचं एक लाकडी अंडं आणि दोऱ्याच्या तुकड्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. या टेबलामागे ज्या तीस वर्षं बसत आल्या, त्यांना सगळं गाव रफूताई म्हणतं. त्यांचं पाळण्यातलं नाव लाँड्रीच्या मालकालासुद्धा पटकन सांगता यायचं नाही.

त्यांचं काम असं, की भोक कुठे होतं हे गिऱ्हाइकानं बोट फिरवून शोधावं आणि शेवटी हात टेकावेत. एकदा एक गृहस्थ कोट न्यायला आले आणि काउंटरवरच हमरीतुमरीवर आले.

"हा माझा कोट नव्हेच! माझ्या कोटाला खांद्यावर एवढं भोक होतं."

"तेच तर बुजवलंय," मालक म्हणाले.

"मग दाखवा की!"

"बुजवल्यावर काय दाखवू, माझं कपाळ?"

अखेर रफूताईंनी कोट उलटा करून आतल्या अंगानं दाखवला, तेव्हा गृहस्थ नरमले. जाता जाता म्हणाले, "बाई, तुमच्या हाती खून दिला तरी पोलिसांना सापडायचा नाही." सगळं दुकान हसलं. रफूताईंनी मात्र मान खाली घालून सुई ओवायला घेतली. ती आधीच ओवलेली होती.

रफूची एक रीत असते. बाहेरचा धागा आणायचा नाही. ज्याचं भोक त्याचाच धागा. आतल्या शिवणीतून, दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून अलगद ओढून घ्यायचा. म्हणजे रंग तर जुळतोच, पण कपड्याचं वयही जुळतं. त्यामुळे रफूताईंना कुठलाही कपडा आधी आतून कळायचा. कोण नीटनेटकं, कोण वेंधळं, कुणी घाईत दात ओठ खात टाके घातलेत, सगळं त्यांना दिसायचं आणि त्या कुणाला काही सांगायच्या नाहीत.

रफूइतकंच त्यांचं नाव आणखी एका गोष्टीसाठी झालं होतं. त्यांच्या हातच्या स्वेटरचा गळा कधी सैल पडत नसे. पोरांनी ओढला, दहा वर्षं डोक्यातून काढला-घातला, तरी मानेशी जसाच्या तसा. 'रफूताईंचा गळा' म्हणून बायका मुद्दाम लोकर घेऊन यायच्या. कुठे शिकलात म्हणून विचारायच्या. रफूताई म्हणायच्या, "बसला आपला हातात."

तो हातात कसा बसला, हे एकोणीस वर्षं त्यांनी एका माणसालाही सांगितलं नव्हतं. शेजारी झोपणाऱ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी गावात सिनेमाचं युनिट आलं होतं. दिग्दर्शक तेव्हाही मोठाच होता. त्याचं नाव घेतलं की लोक आवाज खाली आणत. दीड महिना ती मंडळी राहिली आणि रोज सकाळी त्यांच्या कपड्यांचे गठ्ठे लाँड्रीत येऊ लागले. घेऊन यायचा त्यांचा कपडेपट सांभाळणारा माणूस. काटकुळा, जरा पोक काढून चालणारा, कानावर पेन्सिल, हातात यादी. नट-नट्यांनी कुठल्या प्रसंगात काय घालायचं, कुठला शर्ट किती मळलेला हवा, सगळं त्याच्या डोक्यात. आल्या आल्या सुरू करायचा, "शर्ट बारा, कोट चार. आणि हा तपकिरी कोट, याच्यावरचं रक्त धुवायचं नाही हं! काल पाच तास बसून लावलंय मी."

मालक एकेक कपडा मोजून वहीत नोंद करत. नोंदीशिवाय लाँड्रीत रुमालही घ्यायचा नाही, हा मालकांचा कडक नियम. एकदा कुणाची तरी साडी अदलाबदल झाली होती, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता.

एके दिवशी गठ्ठे देऊन झाल्यावर कपडेपटवाला खिडकीशी आला आणि कागदात गुंडाळलेला एक करड्या रंगाचा स्वेटर त्यानं हळूच टेबलावर सरकवला.

"ताई, हा यादीत नाही. साहेबांचा स्वतःचा आहे. कोपर बघा, पार बोट जातंय. ते कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणून न सांगता आणलाय. परवापर्यंत द्या. त्यांच्या ध्यानात यायच्या आत खुंटीला लावून टाकतो."

"नोंद?"

"नोंद केली की सतरा जणांना कळेल. तुमच्या-माझ्यात राहू दे."

रफूताईंनी मान हलवली आणि स्वेटर पिशवीत टाकला. घरी नेऊन निवांत करू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी होती. दुपारी जेवणं आटोपल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो उलटा करून पसरला आणि बघतच राहिल्या. आतून जिकडेतिकडे गाठी. वीतवीतभर लांबीची लोकर जोडत जोडत तो विणलेला होता; कुठल्या तरी जुन्या मोज्यांतून उसवलेली लोकर असावी. हात शिकाऊ होता. पण गळा! गळ्याशी विणणाऱ्यानं काहीतरी वेगळंच केलं होतं. दर तिसऱ्या टाक्याला लोकर मागून फिरवून पुन्हा पुढे आणली होती. पुस्तकात कुठे नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. इतका जुना स्वेटर, कोपराची चाळण झालेली, आणि गळा मात्र कालच सुईवरून उतरवल्यासारखा.

कोपर तासाभरात झालं. खालच्या दुमडीतली लोकर घेऊन त्यांनी असं बुजवलं, की त्यांचं त्यांना बरं वाटलं. मग हात गळ्याकडे गेला. बाहेरून बघून वीण कळेना. चिमटीत धरून ताणून पाहिली, तरी कळेना. विणणाऱ्या बाईला न कळलेली वीण म्हणजे दातात अडकलेला तंतू. एकच ओळ सोडवून बघू, त्या मनाशी म्हणाल्या. एक ओळ सोडवली. तरी नाही कळलं. मग दुसरी. संध्याकाळी नवरा कामावरून यायच्या वेळेला सगळा गळा सुटून लोकरीची कुरळी वेटोळी टेबलावर पडली होती, आणि पुन्हा विणायला घेतलेलं काही केल्या जमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या लाँड्रीत बसल्या होत्या. मनात हिशेब चालला होता, त्याला म्हणू, आणखी दोन दिवस दे बाबा. तेवढ्यात तोच धापा टाकत आला. नायकाचा पाय मोडला होता, शूटिंग आवरलं होतं, बाहेर गाडी सुरू ठेवूनच तो आत धावला होता.

"ताई, तो स्वेटर द्या पटकन."

मालक काउंटरवरच होते. त्यांनी भुवया उंचावल्या. "कुठला स्वेटर?" वही उघडली, बोट वरून खाली फिरवलं. "स्वेटरची नोंद नाही."

"नोंद नाही, ताईंना माहितीये," तो म्हणाला आणि दोघंही त्यांच्याकडे बघू लागले.

खरं सांगायचं तर वाक्य साधं होतं. माझ्याकडे आहे, घरी आहे, मी त्याचा गळा उसवून बसलेय. पण नियम मोडून मागच्या दारानं काम घेतलं हे मालकांसमोर, आणि दुसऱ्याची चांगली वस्तू उसवून ठेवली हे त्या माणसासमोर, दोन्ही एकदम कबूल करायचं? जिच्या कामात कुणाला भोक सापडत नाही, त्या बाईनं?

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नाही आला."

"अहो ताई, परवा मी इथे..."

"भाऊ, आमच्याकडे नोंदीशिवाय काही येत नाही," मालकांनी वही मिटली. "तिकडेच बघा, कुठे तरी गठ्ठ्यात राहिला असेल."

बाहेर हॉर्न वाजला. तो क्षणभर रफूताईंकडे बघत राहिला. रागानं नाही, काहीतरी समजून घ्यायची खटपट केल्यासारखं. मग गेला.

गळा दोन दिवसांत विणू आणि पोस्टानं पाठवू, असं त्यांनी त्या संध्याकाळी ठरवलं. त्याला चार महिने लागले. तोवर पत्ता कुणाला विचारायचा हा प्रश्न आला. मग हिवाळा आला, मग मुलीचं बाळंतपण. आज करू, उद्या करू यात वर्ष गेलं, आणि वर्षानंतर पाठवायचा तर सोबत चिठ्ठीत काय लिहायचं? स्वेटर कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांत गेला. दर वर्षी त्या तो ऊन दाखवायला काढायच्या, पण बाहेरच्या दोरीवर कधी घातला नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. "गिऱ्हाइकाचा आहे, न्यायला आलं नाही," त्या म्हणाल्या होत्या. हे खोटं पहिल्यापेक्षा बरंच सोपं गेलं.

परवाच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. दोघं नवरा-बायको मटार सोलत टीव्हीसमोर बसली होती. नवरा बसमधल्या कंडक्टरकीतून निवृत्त झालेला. घरातही 'पुढे सरका' म्हणायची सवय सुटली नव्हती. पडद्यावर तो दिग्दर्शक होता. केस पांढरे, हातात काठी. मुलाखत घेणारी मुलगी विचारत होती, इतक्या वर्षांत कुणाला गमावल्याचं दुःख आहे का?

तो म्हणाला, "एक स्वेटर गेला. हसू नका. माझ्या थोरल्या भावानं विणला होता. तो क्षयाच्या इस्पितळात अडीच वर्षं पडून होता. तिथल्या नर्सनं त्याला विणायला शिकवलं. लोकर कुठली मिळणार? फाटके मोजे उसवायचा. तेवढं एकच त्यानं आयुष्यात पुरं केलं. पुढे तो गेला." मग काठी दुसऱ्या हातात घेऊन, "माझा कपडेपट सांभाळणारा एक जण होता. चौदा वर्षं माझ्याबरोबर. त्यानं तो कुठे तरी विकला की काय केलं, देव जाणे. लाँड्रीत दिला म्हणाला. लाँड्रीवाल्यांनी सांगितलं, आलाच नाही. मी त्याला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. पुन्हा तोंड पाहिलं नाही."

रफूताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माणसं बघ कशी असतात," नवरा म्हणाला. "चौदा वर्षं खाल्लं त्याच्याच ताटात..."

"अहो, गप्प बसा."

"मी काय म्हणालो?"

"त्यानं नाही विकला."

त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवरचा स्वेटर काढून त्यांनी मटाराच्या ताटाशेजारी ठेवला. मग सगळं सांगितलं. नवरा एरवी एका वाक्यात तीन विनोद करणारा माणूस. त्यानं सोललेले मटार इतका वेळ पुन्हा पुन्हा निवडले, की रफूताईंना वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"पार्सल करून टाक," शेवटी तो म्हणाला. "नाव-गाव न लिहिता."

"ते मीही एकोणीस वर्षं मनात घोळवलंय. पण आता नाव न लिहिता पाठवला, तर त्यांना काय वाटेल? वाटेल की मुलाखत ऐकून त्या माणसाला लाज वाटली आणि त्यानंच पाठवला. त्याच्यावर आणखी शिक्काच बसेल."

नवऱ्यानं मान हलवली. शेंगा सोलायला घेतल्या, पुन्हा ठेवल्या. "मी येऊ का सोबत?"

"नको. तुम्ही आलात तर मी तुमच्या मागे उभी राहीन."

रात्रीच्या बसनं सहा तासांचा प्रवास. दिग्दर्शकाचं ऑफिस एका चिंचोळ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. टेबलाशी चष्मा डोक्यावर सरकवलेली सेक्रेटरी. रफूताईंनी 'स्वेटर' एवढा एक शब्द उच्चारला, तशी ती खुर्चीत मागे रेलली.

"बसा. तुमचा बारावा."

"म्हणजे?"

सेक्रेटरीनं टेबलाखालचं खोकं पायानं पुढे ढकललं. आत स्वेटरच स्वेटर. "मुलाखत झाली तेव्हापासून हेच चाललंय. कुणाला जुन्या बाजारात मिळालाय, कुणाला ट्रेनमध्ये. एक तर लाल आहे. करडा म्हणाले होते हो साहेब, करडा! त्यांनी बघणं बंद केलंय आता. ठेवून जा, पावती देते."

रफूताईंनी सवयीनं वरचे दोन-तीन चाचपले. "हे मशीनचं काम आहे. हा तर नवा कोरा, चहात बुडवून जुना केलाय."

"चहात?" सेक्रेटरीनं वास घेतला आणि खुदकन हसली. "खरंच की! पण तुम्हाला कसं कळलं?"

"माझा धंदा आहे तो. हे बघा, पावती नको मला. मी काही मागायला आले नाही. तुमच्या साहेबांना एवढंच सांगा, की लाँड्रीतली बाई आलीय. जी नाही म्हणाली होती, ती."

सेक्रेटरीचं हसू मावळलं. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली.

खोली लहान होती. भिंतीला कपाटं, एक खिडकी, खिडकीशी तो. टीव्हीवर दिसला त्याहून म्हातारा. त्यानं हात पुढे केला, स्वेटर घेतला, मांडीवर पसरला. आधी उजवी बाही चाचपली. मग डावी.

"कोपराला भोक होतं."

"हो. मी बुजवलं."

त्यानं चष्मा लावला, कोपर खिडकीशी धरलं. काही दिसलं नाही. मग गळ्यावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. "हा नाही. त्याचा गळा डाव्या बाजूला ओढायचा. घातला की मान जरा वाकडी व्हायची. हा तर सरळ आहे." त्यानं स्वेटर परत पुढे केला. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "तुम्ही लांबून आलात, पण हा नाही बाई."

लाँड्रीतल्या त्या भांडखोर गृहस्थाला हसणं सोपं होतं. इथे रफूताईंना हसण्यासारखं काही नव्हतं. ज्या-ज्या खुणेवरून त्यानं तो ओळखला असता, ती-ती त्यांनी आपल्या हातानं पुसली होती.

"ओढायचा, कारण डावीकडे तीन टाके चुकलेले होते," त्या म्हणाल्या. "मी गळा सोडवला. वीण शिकायची होती मला. पुन्हा विणताना ते तीन टाके मी बरोबर केले. मुद्दाम असं नाही. चुकलेला टाका दिसला की हात आपोआप सुधारतो माझा. उलटा करा, आत बघा. गाठी आहेत. गाठींना मी हात लावलेला नाही."

त्यानं स्वेटर उलटा केला नाही. खालून आत हात घातला, मूठ वळवली आणि बोटांनी गाठी मोजत वर वर गेला. मध्येच हात थांबला. "बरगडीला टोचायच्या," तो म्हणाला. "मी तक्रार करायचो. तो म्हणायचा, टोचलं म्हणजे आठवण राहील." मग बराच वेळ त्यानं हात बाहेर काढला नाही.

रफूताईंनी उभ्या उभ्या सांगायचं ते सांगितलं. कपडेपटवाल्यानं कसा दिला, का नोंद केली नाही, आपण काय उत्तर दिलं. एकही शब्द गुळगुळीत केला नाही. ह्या स्वेटरच्या गळ्यावर आपण गावात नाव कमावलं, हेही सांगितलं.

"पुन्हा चुकवून देऊ का ते टाके?" त्यांनी विचारलं. "आठवतात मला. अर्ध्या तासाचं काम."

"नको. तुम्ही चुकवाल तर तुमचे चुकतील. त्याचे कसे होतील?" तो म्हणाला.

"बरोबर आहे."

"त्यानं मला सांगितलं होतं, लाँड्रीत दिला म्हणून. मी माणूस पाठवून चौकशी केली. नोंद नव्हती. मग मी काय समजायचं?" तो खिडकीकडे बघत बोलत होता. "पण चौदा वर्षांत त्यानं माझं एक बटण हरवू दिलं नव्हतं. तेही मला माहीत होतं."

"त्यांना सांगाल ना तुम्ही?"

"लिहीन. पत्र लिहीन."

"आज?"

दिग्दर्शकानं स्वेटरची घडी घालायला घेतली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते रफूताईंच्या चांगलं ओळखीचं होतं. आज करू, उद्या करू. त्या बाहेर आल्या आणि सेक्रेटरीकडून जुन्या यादीतला पत्ता मागून घेतला.

पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तिसरा मजला, जिन्यात कपडे वाळत घातलेले. दार एका जाड, पांढऱ्या केसांच्या बाईनं उघडलं. आत खिडकीपाशी खाटेवर, शाळेच्या गणवेशांच्या ढिगात, तो बसला होता. पाठीचा पोक वाढला होता. बटणं लावत होता. त्यानं वर पाहिलं आणि सुई गणवेशात टोचून ठेवली.

"लाँड्री," तो म्हणाला. "खिडकीजवळचं टेबल. या, आत या ताई."

त्यानं ताई म्हटल्यावर रफूताईंना जास्तच कसंनुसं झालं. त्याची बायको, पाहुणी आली म्हणून, चहा टाकायला आत वळली. रफूताईंनी खुर्चीच्या काठावर बसून, खालच्या आवाजात, सकाळी सांगितलेलं सगळं परत सांगितलं. वाटलं होतं, दुसऱ्यांदा सोपं जाईल. नाही गेलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "गळा उसवला होतात होय. मी एकोणीस वर्षं डोकं खाजवतोय, की ही बाई चोर दिसत नव्हती, मग नाही का म्हणाली?"

"तुम्ही काही बोला मला. हवं ते बोला."

"साहेबांना भेटलात? काय म्हणाले?"

"पत्र लिहितो म्हणाले."

"लिहितील. नाही तर नाही लिहिणार. मला त्याचं एवढं नाही." त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "कामं मिळत गेली. चार ठिकाणी हात पसरले, दोन ठिकाणी मिळालं. पण हिच्या मनात एक गाठ बसली. काढून टाकलं त्या आठवड्यात मी हिला घड्याळ आणलं होतं. आधीच सांगून ठेवलेलं होतं दुकानात. हिला वाटलं, स्वेटर विकून आणलं. तोंडानं एकदाच म्हणाली. पुन्हा कधी नाही. पण मी घरात काही आणलं, साधी भाजी आणली, तरी एक नजर असते तिची. मला कळते ती. एवढ्या वर्षांत मी शंभरदा शपथा घेतल्या असतील. शपथ घेतली की माणूस आणखीच खोटा दिसतो." त्यानं गणवेशातली सुई उपसून पुन्हा टोचली. "साहेबांना सांगितलंत, मला सांगितलंत. मला माहीतच होतं. आता तिला सांगा."

बायको चहाचे तीन कप घेऊन आली. रफूताई उभ्या राहिल्या. कप घ्यायला हात पुढे केला नाही.

"वहिनी, ह्यांनी तो स्वेटर विकला नाही. माझ्या हातात दिला होता. मी तो घरी नेला, उसवला, आणि हे न्यायला आले तेव्हा मालकांसमोर मी तोंडावर खोटं बोलले. नाही म्हणाले. तो एकोणीस वर्षं माझ्या कपाटात होता. आज सकाळी साहेबांना परत दिला."

बाईनं ट्रे टेबलावर ठेवला.

"तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, यांचं काय होईल ते?"

"नाही. पण मी तसा विचारही केला नाही. मी माझाच विचार करत होते."

"आणि नंतर? वर्षभरानं, दोन वर्षांनी? तेव्हाही नाही आला मनात, की त्या माणसाला कुणी जाब विचारला असेल?"

"आला," रफूताई म्हणाल्या. खोटं बोलायची शेवटची संधी होती ती, आणि मोह झाला नाही असं नाही. "यायचा. आला की मी दुसरं काम हातात घ्यायची."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली, नवऱ्याकडे.

"तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत."

"हो."

"असंच. ह्याच शब्दांत. लाँड्रीतल्या बाईला दिला म्हणून."

"हो, बाई."

पदरानं टिपावं असं काही डोळ्यांत नव्हतं, पण तिनं पदर घट्ट मुठीत धरला. रफूताईंना वाटलं, आता ती आपल्यावर ओरडेल, आणि ओरडलीच तर बरं. ती ओरडली नाही.

"चहा घ्यायचा तर घ्या," ती म्हणाली, "पण बसू नका आता. मला यांच्याशी बोलायचंय."

रफूताईंनी पिशवी उचलली. दारात चपला घालताना माफी मागायला तोंड उघडलं, पण ती बाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिनं गणवेशांचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला होता आणि नवऱ्याच्या समोर, त्याच खाटेवर, बसली होती. तो कानाशी बोट नेऊन तिथे नसलेली पेन्सिल चाचपत होता.

दार मागे आपणच ओढून घ्यावं लागलं. जिन्याचा एक टप्पा उतरून रफूताई कठड्याला धरून थांबल्या. वर बाईचा आवाज सुरू झाला होता, हळू, अडखळत. मग त्याचा. शब्द कळत नव्हते. एक पायरी वर गेलं असतं तर कळले असते. रफूताईंचा पाय उचललाही गेला.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की हेही आपलं नव्हे. त्या वळल्या आणि वाळत घातलेले कपडे बाजूला सारत खाली उतरू लागल्या.